सरांनी नापास केलेला कुत्रा

माझ्या घरात आजवर एकदाच चोर शिरला आणि त्याला पोलिसांच्या तावडीतून मीच सोडवलं. सुटल्यावर त्याने माझ्याच घराच्या दोषांची चौदा मुद्द्यांची यादी मला ईमेलने पाठवली. त्या माणसाचं नाव काढलं की आजही माझं डोकं फिरतं. ते आता कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असतात, तिथे कुणाचं तरी डोकं फिरवत असतील. पण आमच्या घरात कुत्रा आला तो त्यांच्यामुळे, किंवा खरं सांगायचं तर त्यांना न जुमानता, त्यामुळे आठवण टाळता येत नाही.

ऑफिसात सगळेच त्यांना सर म्हणायचे. ते कुणाचे साहेब नव्हते, टेस्टिंगमध्ये होते. आम्ही प्रोग्रॅम लिहायचे आणि त्यांनी ते मोडून दाखवायचे, याचा त्यांना पगार मिळायचा. मूळचे नागपूरचे, वय पन्नाशीकडे झुकलेलं. बायको तिकडे कॉलेजात शिकवायची, मुलगी तिच्याजवळ होती आणि हे इकडे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत, एका अपार्टमेंटमध्ये एकटे. खोल्या दोन आणि आग विझवायचे सिलिंडर तीन. रेस्टॉरंटमध्ये गेलं की बसण्याआधी मागचं दार उघडतं की नाही ते ढकलून बघायचे. एकदा ते उघडलं, अलार्म वाजला आणि जेवणारी सगळी माणसं पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. सर मात्र समाधानाने म्हणाले, "पाहा, चालू आहे."

मी चार वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं, म्हणजे चार वर्षं त्यांचा मार खाल्ला. मी फॉर्म बनवला की ते वयाच्या रकान्यात नऊशे लिहायचे आणि नावाच्या रकान्यात आंब्याचं चित्र टाकायचे.

"सर, नावाच्या जागी आंबा कोण टाकणार आहे?"

"टाकला तर?"

त्यांचं हे "तर?" ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उडायची. वर सांगायचे, "कुठे चालते ते सगळेच पाहून राहिले मॅडम. कुठे पडते ते कोण पाहणार?" संतापाची गोष्ट अशी की ते म्हणतील तिथेच प्रोग्रॅम पडायचा. एका क्लायंटच्या गिऱ्हाइकाने खरोखरच नावात चित्र टाकलं आणि सगळा शनिवार मी ऑफिसात काढला. तेव्हापासून त्यांच्या शब्दाची मला धास्ती बसली. पुढे जे झालं ते या धास्तीपायी झालं.

दिवाळीच्या आसपास आमच्या रस्त्यावर, दोन घरं सोडून, एका मराठी कुटुंबाकडे चोरी झाली. देशी लोकांच्या घरात सोनं असतं आणि दिवाळीत ते लॉकरमधून घरी येतं, हे चोरांनाही आता पाठ झालंय. त्यांनी कपाटातल्या साड्या बाजूला रचून ठेवल्या, फक्त दागिने नेले. त्यानंतर महिन्याभरात मला दिवस असल्याचं कळलं. नवऱ्याचा क्लायंट ओहायोत, डब्लिनला. सोमवारी पहाटे तो विमानाने जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचा. ग्रीन कार्डची फाइल अशा टप्प्यावर होती की नोकरी बदलायचं नाव काढता येत नव्हतं. राहिलो मी, पाच वर्षांची मुलगी आणि ऑगस्टमध्ये येणारं बाळ.

मला घरात एकटीने राहायची भीती वाटायला लागली. इतकं सरळ मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पण नवरा नसला की मी डिशवॉशर लावत नसे, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येणार नाही म्हणून. मुलीने वरच्या मजल्यावर उडी मारली तरी माझा हात फोनकडे जायचा. शेवटी नवरा म्हणाला, आपण राखण करणारा कुत्रा घेऊ, आणि बाळ यायच्या आत घेऊ, म्हणजे तो घराला सरावेल. कुत्रा ऑगस्टच्या आत यायला हवा होता, एवढं साधं होतं सगळं.

माझी चूक एवढीच की मी हे लंचला सरांसमोर बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या इनबॉक्समध्ये एक एक्सेल शीट होतं. कुत्र्यांच्या जाती उभ्या, प्रश्न आडवे. घरात जिना आहे का? पायऱ्या किती? मुलगी पळताना किंचाळते का? नवऱ्याला किती वाजता भूक लागते? मी विचारलं, "सर, तुमच्याकडे कधी कुत्रा होता का?" ते म्हणाले, "नाही. म्हणूनच तर मी न्यूट्रल आहो."

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ज्यांना विचारलं ते सगळे जर्मन शेफर्ड म्हणाले होते. सरांनी तो पहिल्याच दिवशी कापला.

"चांगला आहे. पण कंबर."

"कुणाची कंबर?"

"त्याची. म्हातारपणी जाते कधीकधी. तेव्हा तुमचं बाळ राहील दहा वर्षांचं. जिन्यावरून उचलणार कोण?"

रॉटवायलर आणि डॉबरमन आमच्या घराच्या इन्शुरन्सच्या यादीत बसत नव्हते, ते फोन करून त्यांनीच शोधून काढलं. मॅलिनॉबद्दल म्हणाले, "याला रोज काम लागते मॅडम. काम नाही दिलं तर सोफा फाडते. तुमच्या घरी त्याला द्यायला काय काम आहे?" ग्रेट पिरनीज म्हणजे मेंढ्या राखणारा, तो रात्रभर भुंकणार आणि सोसायटीची नोटीस येणार. लॅब्रडॉरचं नाव काढल्यावर तर ते हसले. "तो चोराला दागिन्याचं कपाट दाखवीन."

मार्च उजाडला. माझं पोट दिसायला लागलं आणि शीटमध्ये एकच जात शिल्लक राहिली, बॉक्सर.

मॅकिनी गावाच्या पलीकडे रानात एक माणूस बॉक्सर पाळायचा आणि विकायचा. उंच, हॅटवाला, बोलायला फार गोड. दीड वर्षाची शिकवलेली कुत्री होती त्याच्याकडे. लहान मुलांना सरावलेली. माझ्या मुलीने तिचा कान ओढला तर तिने तो शांतपणे सोडवून घेतला. मला ती बघताक्षणी आवडली, नवऱ्याला आवडली, भावही ठरला. तेवढ्यात सरांनी त्यांच्या गाडीच्या डिकीतून एक खोका काढला.

खोक्यात प्रेशर कुकर होता. घंटा होती. झांजांची जोडी होती.

"हे काय आहे, सर?"

"तुमच्या घरी कुकर लागते की नाही? गणपतीत आरती होते की नाही? तेव्हा कुत्र्याने पाहुण्याले चावलं तर?"

त्या माणसाच्या मागच्या अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर सरांनी कुकर चढवला. तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही सगळे कुत्रीकडे बघत उभे होतो. कुत्रीने एकदा मान वाकडी केली आणि ती आडवी झाली. मला वाटलं, संपलं. पण सरांनी एका हातात घंटा घेतली, नवऱ्याच्या हातात झांजा दिल्या आणि खड्या आवाजात आरती सुरू केली. मी पाच महिन्यांची पोटुशी बाई, भर उन्हात, टेक्सासच्या रानात टाळ्या वाजवत उभी. सरांनी त्या हॅटवाल्याला सांगितलं, "सर, प्लीज क्लॅप. वी नीड मोअर नॉइज." तो बिचारा टाळ्याही वाजवायला लागला. कुत्री झोपूनच होती.

आरती संपल्यावर सर घाम पुसत म्हणाले, "कुत्री पास आहे. पण जागा फेल. मोकळ्या रानात आवाज उडून जाते, तुमच्या हॉलमध्ये घुमीन. हे तुमच्या घरी करून पाहिल्याशिवाय मी साइन-ऑफ नाही देऊ शकत."

हॅटवाल्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, हा माणूस तुमच्या घरी राहतो का? मी म्हटलं, राहत नाही, पण येतो. तो म्हणाला, आय ॲम सॉरी, मॅम, मी माझी कुत्री त्या घरात देऊ शकत नाही.

परतताना मी गाडीत रडले. आधी वाटलं हार्मोन्स असतील, पण नाही, मला खरंच रडू येत होतं. सोमवार दोन दिवसांवर आला होता. पेट्रोल पंपावर सरांची गाडी शेजारी लागली, त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "रडू नका मॅडम. नकार म्हणजे पण डेटाच आहे."

त्या पेट्रोल पंपावर माझ्या नवऱ्याला मी लग्नानंतर पहिल्यांदा ओरडताना पाहिलं.

एवढं होऊनही मी त्यांना सोडलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. नवीन जात शोधली की मी आधी त्यांना विचारायचे. ते "तर?" म्हणायचे आणि मी ती जात सोडून द्यायचे. भित्र्या माणसाला भिववणाराच शहाणा वाटतो, दुसरं काय. असं करत मे गेला, जून आला.

जूनच्या एका शनिवारी नवरा मुलीला घेऊन बाहेर पडला आणि दोघं तीन होऊन परत आले. बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमधून त्यांनी एक कुत्रा आणला होता. काळा-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, वय अंदाजे तीन. जातीच्या जागी कागदावर फक्त 'मिक्स' लिहिलेलं. तीन आठवडे ठेवून बघा, नाही जमलं तर परत आणा, असा तिथला नियम. सहा महिने जातींचा अभ्यास करून शेवटी आमच्या घरात गावठी कुत्रा आला. नवऱ्याला नाव शेरा ठेवायचं होतं. मुलगी म्हणाली, "नो, बाबा. ही इज वॉफल." राखणीच्या कुत्र्याचं नाव नाश्त्याच्या एका गोड पदार्थावरून वॉफल पडलं.

सरांना कळल्यावर ते संध्याकाळी आले. लॅपटॉप उघडून बराच वेळ शीट वरखाली करत बसले. वॉफलसाठी त्यात ओळच नव्हती.

"मॅडम, हा नेमका काय आहे हेच माहीत नाही. त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?"

"कुत्रा आहे, सर. भुंकेल."

"नाही भुंकला तर?"

मग ते रोज संध्याकाळी यायला लागले. निरीक्षण म्हणे. खिशात ग्लुकोज बिस्किटं असायची. सोफ्यावर बसून एक बिस्किट स्वतः खायचे, एक वॉफलला द्यायचे आणि वहीत टिपणं काढायचे. वॉफल त्यांच्या गाडीचा आवाज ओळखायला लागला. मुलगी म्हणाली, "मम्मा, वॉफल लव्ह्ज काका." काकांनी ते लिहून घेतलं नाही.

तिसरा आठवडा संपत आला होता. बुधवार होता. नवरा डब्लिनला, मुलगी समर कॅम्पला आणि मी वरच्या खोलीत घरूनच काम करत बसलेली. भर दुपार. खाली गॅरेजच्या बाजूचं दार वाजलं. मग पावलं ऐकू आली, सावकाश टाकलेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. भांडं वाजलं. वॉफल भुंकला नाही.

मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. हातात फोन होता, पण घाईत कोड चुकत होता आणि लॉक उघडेना. मनात एकच येत होतं, कुत्र्याला मारलं त्यांनी, आता वर येतील. आठ महिने ज्याला घाबरत होते ते खाली चाललं होतं. आणि तेवढ्यात जिन्याखालून दबक्या, वैतागलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "अरे भुंक ना बाप्पा! मी घर लुटून राहिलो तुझं!"

मी खाली आले तेव्हा सर काळी टोपी आणि बागकामाचे हातमोजे घालून हॉलमध्ये उभे होते. हातात कचऱ्याची काळी पिशवी, पिशवीत माझा कुकर. चोरी करायची तर काहीतरी उचलायला पाहिजे, म्हणून कुकर. वॉफल त्यांच्या खिशाला नाक लावून शेपूट हलवत होता. त्याने त्यांना माझी एक चप्पलही आणून दिली होती.

 मी बोलायच्या आत बाहेर गाड्या थांबल्या. समोरच्या घरात एक अमेरिकन आजी एकट्या राहतात. टोपी-हातमोजे घातलेला माणूस आमच्या बाजूच्या फाटकातून शिरताना त्यांनी पाहिला आणि त्यांनी ९११ला फोन केला, कुणीही केला असता. सरांनी दार उघडलं तर दोन पोलीस लॉनवर उभे होते. एकाचा हात कमरेवर, पिस्तुलापाशी. "हँड्स वेअर आय कॅन सी देम!"

सरांनी हात वर केले. पिशवी त्यांनी सोडली नव्हती, त्यामुळे कुकरही वर गेला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्या क्षणी काय काय होऊ शकतं ते सगळं दिसलं. त्यांच्यासारखाच विचार करायला लागले होते ना मी. गोळी सुटली तर? अटक झाली तर? अटक झाली तर पंधरा वर्षांचा व्हिसा, नोकरी, तिकडची बायको-मुलगी, सगळं एका कुकरपायी. मी गाऊनमध्येच पुढे झाले आणि ओरडले, "ही इज फॅमिली!"

पोलीस म्हणाला, "मॅम, युअर फॅमिली इज रॉबिंग यू?"

"ही इज टेस्टिंग द डॉग."

त्याने वॉफलकडे पाहिलं. वॉफल त्याच्याच बुटांपाशी पोट वर करून पडला होता. पोलीस म्हणाला, "वेल, द डॉग फेल्ड."

"दॅट इज व्हॉट आय ॲम सेइंग, ऑफिसर," सर म्हणाले. हात अजून वर होते.

पोलिसांनी त्यांचे कागद तपासले, अर्धा तास समजावलं आणि ते गेले. मी सोफ्यावर बसून पाणी पीत होते. मला वाटलं, आता हा माणूस माफी मागेल. सर म्हणाले, "मॅडम, पोलिसांना फॅमिली काऊन सांगितलं? चुकीची इन्फर्मेशन देऊ नये."

रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा रिपोर्ट आला. चौदा दोष. गॅरेजचं बाजूचं दार उघडं, गंभीर. युजर कपाटात लपतो आणि कपाटाला आतून कडी नाही, गंभीर. कुत्रा भुंकत नाही, चोराला चप्पल आणून देतो, अतिगंभीर. शिफारस: शनिवारी मुदत संपण्याआधी कुत्रा परत करावा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. चार वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं.

"तीन आठवडे तुम्हीच त्याला बिस्किटं चारलीत. तो तुम्हाला कशाला भुंकेल?"

"ते वेगळं मॅडम. तेव्हा मी पाहुणा होतो. काल चोर होतो."

"हे कुत्र्याला कुणी सांगायचं? मी त्या कपाटात मरून पडले असते, सर! बाळाला काही झालं असतं तर?"

 त्यांचाच शब्द त्यांच्यावर पहिल्यांदा कुणी वापरला असेल. मग हळूच म्हणाले, "युजरला आधी सांगितलं की टेस्टला अर्थ नाही राहत."

"मी युजर नाही. मी घाबरलेली बाई आहे. कुत्रा राहील. तुम्ही येऊ नका."

शनिवारी आम्ही वॉफलचे कागद पक्के केले. सर यायचे थांबले. ऑफिसात भेटले की "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचे, एवढंच. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं. वॉफल खरंच कुणावर भुंकत नव्हता. टपालवाला, कुरिअरवाला, गवत कापायला येणारी माणसं, सगळ्यांचे हात चाटायचा. सर चुकीचे असले तर बरं, आणि बरोबर असले तर मी काय करणार, हा विचार मी सोमवार ते गुरुवार करत बसायचे. डिशवॉशर बंदच होता.

बाळ दोन आठवडे आधी आलं. मंगळवार होता, नवरा डब्लिनला होता आणि माझ्या आईचं विमान शुक्रवारचं होतं. समोरच्या आजी त्या पोलिसांच्या प्रकरणानंतर आमच्याच होऊन गेल्या होत्या. माझ्या मुलीला घेऊन त्या लायब्ररीत गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरात वाकले आणि पाणी गेलं. कळा इतक्या झपाट्याने आल्या की मी ओट्याला धरून फरशीवर बसले. नवऱ्याला फोन लावला. त्याने घाबरून तिकडून कुणाला फोन केला असेल? जो सगळ्यात जवळ होता त्याला.

सात मिनिटांत सर दारात. त्यांच्याच रिपोर्टनंतर बसवलेल्या लॉकचा, नवऱ्याने सांगितलेला कोड टाकून त्यांनी दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि थांबले.

वॉफल माझ्यासमोर उभा होता. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. पाठीवरचे केस ताठ, ओठ वर गेलेले, दोन्ही कान मागे. सरांनी खिशातून बिस्किट काढून पुढे केलं. त्याने बिस्किटाकडे पाहिलंही नाही. सर म्हणाले, "वॉफल, अरे मी आहो." गुरगुर वाढली.

मला वाटलं होतं ते घाबरतील. ते घाबरले होतेच, पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मॅडम," ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "हा मागे हटून नाही राहिला!"

"सर, बॅग! बॅग उचला!"

"मॅडम, एक मिनिट. एकदा झालं त्याला रिझल्ट नाही म्हणत. तुम्ही थोडं ओरडता का अजून एकदा?"

देवाशप्पथ हे शब्द आहेत त्यांचे. मला मुद्दाम ओरडायची गरज पडली नाही. पुढची कळ आली, मी किंचाळले आणि वॉफल एक पाऊल त्यांच्यावर चालून गेला. सर उलट्या पावली पोर्चमध्ये गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खिशातून ते वही काढत होते.

शेवटी मीच उठले. वॉफलचा पट्टा धरून त्याला लाँड्रीच्या खोलीत बंद केलं, बॅग खांद्याला लावली आणि भिंतीला धरून गाडीपर्यंत चालत गेले, कारण मला न्यायला आलेला माणूस घरात शिरू शकत नव्हता. रस्ताभर ते मर्यादेपेक्षा एक मैलही जास्त वेगाने गाडी चालवायला तयार नव्हते. मी त्यांना काय काय बोलले ते आठवत नाही, मराठीत होतं एवढं आठवतं. हॉस्पिटलच्या दारात व्हीलचेअरवर बसवल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तासाभरात मुलगा झाला.

शुक्रवारी दुपारी आम्ही घरी होतो. नवरा आईला आणायला एअरपोर्टवर गेला होता आणि मुलगीही हट्टाने त्याच्याबरोबर गेली होती. बाळ हॉलमध्ये पाळण्यात होतं आणि पाळण्याखाली वॉफल. बेल वाजली. दारात सर, हातात स्टीलचा डबा. त्यांनी स्वतः अळिवाचे लाडू केले होते.

"या ना आत, सर."

"नाही. तो म्हणीन तेव्हा."

वॉफल उठून उभा राहिला होता. गुरगुरत नव्हता, नुसता बघत होता. सर दारात उभे, दार सताड उघडं, ऑगस्टचं ऊन आणि एसीची सगळी हवा रस्त्यावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"सर, अहो दार तरी लावा! बाळाला गरम होतंय!"

मग त्यांनी आत येऊन दार लावलं आणि तिथेच, चपलांच्या रॅकपाशी, जमिनीवर मांडी घालून बसले. वॉफल परत पाळण्याखाली आडवा झाला. सरांनी तेवढ्या लांबून मान उंच करून बाळाकडे पाहिलं. मी त्यांना म्हणाले, "जवळ येऊन बघा." त्यांनी हातानेच नको म्हटलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, खूप काही सुनवायचंही राहिलं होतं, पण सोफ्यावर पाठ टेकली आणि डोळे मिटत गेले. मला फार दमल्यासारखं झालं होतं.

जाग आली ती आईच्या आवाजाने. सगळे आले होते, बॅगा हॉलमध्ये होत्या, मुलगी "मम्मा, आजी इज हिअर!" म्हणून नाचत होती. सर चपलांच्या रॅकपाशी तसेच बसलेले होते, डबा मांडीवर, चेहरा केविलवाणा. पाय इतके बधिर झाले होते की नवऱ्याने त्यांना काखेत हात घालून उभं केलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा मला हलू देऊन नाही राहिला. मी पाय सरळ केला की मान वर करते."

मी घड्याळात पाहिलं. दोन तास झाले होते आणि त्यात मी एकदाही कसल्या आवाजाने दचकून उठले नव्हते.